माळ्यावरचे दोन बांबू

चामटोलीत कोणी गेलं की दोन फोन व्हायचे. एक डॉक्टरला, दुसरा आमच्या आजोबांना. डॉक्टर बदलापुरातून येणार, म्हणून त्यांना वेळ लागायचा. आजोबा गावातलेच, म्हणून ते आधी पोचायचे. एकदा ते काखेत सुंभाची गुंडी घेऊन एका दारात उभे राहिले आणि आतल्या म्हातारीने उठून चहा मागितला. ती पुढे बरीच वर्षं जगली, पण आजोबांशी कधी बोलली नाही.

आजोबा ना भटजी होते, ना सरपंच. तारुण्य अंबरनाथला विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्यात गेलं आणि उरलेलं आयुष्य भातशेतीत. मयताचं काम त्यांच्याकडे कसं आलं ते कोणालाच सांगता येत नाही. गावात अशी कामं नेमणुकीने मिळत नसतात. लग्नात आचाऱ्यावर ओरडणारा एक जण असतो, सप्ताहात माइकवाल्याला आवाज कमी-जास्त करायला सांगणारा एक जण असतो, तसा मयताला पुढे होणारा एक जण असतो. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं आणि त्यांच्यावाचून पान हलत नाही.

मयताच्या घरचा पहिला तास फार वाईट. बायका आत रडत असतात. त्यांचं एक बरं असतं, त्यांना निदान ते तरी काम असतं. पुरुष अंगणात हात मागे बांधून उभे. प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं आणि काय करायचं ते एकालाही माहीत नसतं. मग कोणी उगाच मोबाइल काढून बघतो, कोणी चपला ओळीने लावतो. अशा वेळी आजोबा अंगणात शिरायचे. रडणाऱ्याकडे बघायचे नाहीत, थेट उभ्या असलेल्यांकडे. "तू बांबू बघ. तू बदलापूरला जा, सामान आन, आनि मडकी दोन आन, एक रस्त्यात फुटतंच. तू लाकडांचा सांग. तू हितंच उभा ऱ्हा, येतील त्यांना कवा नेनार ते सांगायचा." पाच मिनिटांत अंगण मोकळं.

यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड, हे तुम्हाला अनुभवाने माहीत असेल. माणूस गेल्याचं कळलं की आपण पहिल्यांदा "अरेरे" म्हणतो आणि लगेच दुसऱ्यांदा "कधी नेणार?" असं विचारतो. त्यात वाईट काही नाही, हाफ डे टाकायचा की पूर्ण दिवस, हे त्यावर ठरायचं असतं. आमच्याकडे ह्या प्रश्नाला एक पोटप्रश्न असतो. चामटोली बदलापूर आणि वांगणी यांच्या मधोमध. इथे स्टेशन व्हावं ही मागणी जुनी आहे, स्टेशन मात्र अजून नाही. म्हणून प्रत्येक पाहुणा फोनवर विचारतो, "बदलापूरला उतरू की वांगणीला?" रडता रडता ह्याचं उत्तर देणं सोपं नसतं. आजोबांनी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून वेळेचं एक कोष्टक बसवलं होतं. पुण्याची माणसं कर्जतला लोकल बदलतात, त्यांना एक तास जास्त धरायचा. डोंबिवलीची माणसं जवळ राहतात, म्हणून त्यांना दोन तास जास्त धरायचे.

त्यांच्याकडे एक वही होती. लग्नात आहेराची वही असते, आजोबांनी मयताची ठेवली होती. तारीख, कोण गेलं, बांबू कुणाचे, लाकूड किती मण, मडकं कोणी धरलं, सामानाचे पैसे कोणी दिले आणि कोणी फक्त "देतो" म्हणाले. शेवटच्या रकान्यात एखाद-दुसरा शेरा. "जावई उशिरा." "पाऊस, रॉकेल दोन लिटर." "पाटलांचा म्हातारा, वजन फार, खांदेकरी आठ." वहीत दुःखाचा एक शब्द नव्हता. पण कोणी "तुमच्याकडच्या मयताला आम्ही होतो की" असं म्हणालं तर वही उघडून खरंखोटं करता यायचं आणि गावातली किमान चार भांडणं त्या वहीने मिटवली. किती लावली ते मात्र विचारू नका.

मग भातखाचरांत इमारती झाल्या. मुंबई-डोंबिवलीहून माणसं राहायला आली आणि माणसं आली म्हणजे त्यांतली काही जाणारही. फ्लॅटमधल्या माणसांना सगळं काही ऑनलाइन मागवता येतं, पण तिरडी बांधणारा माणूस मागवायची सोय तेव्हा तरी नव्हती. वॉचमनने आजोबांचं नाव सांगितलं. आजोबा गेटवर गेले, तर त्याच वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. कोणत्या विंगमध्ये, कोणाकडे, काम काय? आजोबा म्हणाले, मयत. वॉचमनने जरा विचार केला आणि त्या रकान्यात "सर्व्हिस" असं लिहिलं.

वर सातव्या मजल्यावर खरी अडचण. लिफ्ट चार माणसांची. उभ्या चार माणसांची. आडवा एकही माणूस तिच्यात मावत नव्हता. बिल्डरने ती जगणाऱ्यांसाठी बसवली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्याचा पर्याय सुचवला, मग जिन्याच्या वळणावर लावलेल्या कुंड्यांकडे बघून तो मागे घेतला. शेवटी आजोबांनी प्लास्टिकची खुर्ची मागवली, गेलेल्या गृहस्थांना तिच्यात नीट बसवलं, धोतराने कमरेला बांधलं आणि स्वतः शेजारी उभं राहून त्यांना तळमजल्यावर आणलं. मध्ये चौथ्या मजल्यावर दार उघडलं. एक बाई भाजीची पिशवी घेऊन आत येणार होत्या. त्यांनी नमस्कार केला, "तब्येत बरी नाही का?" म्हणाल्या आणि मी मागून येते म्हणून थांबल्या. खाली आल्यावर घरच्यांनी आजोबांना विचारलं, "चार्जेस किती?" आजोबा इतके दुखावले की त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. मयताला पैसे घेतात हे त्यांना ठाऊक होतं, ते घ्यायला आपल्याला कोणी लायक समजेल याची त्यांनी कल्पना केली नव्हती.

२०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका अंत्यविधी कंपनीने स्टॉल लावला होता. स्टॉलवर फुलांनी सजवलेली तिरडी मांडली होती आणि तिचा फोटो देशभर मोबाइलवर फिरला. साडेसदतीस हजार रुपये भरून सभासद व्हायचं, मग पुढचं सगळं कंपनी बघणार. खांदेकरी, भटजी, "राम नाम" म्हणणारे, अस्थिविसर्जन, सगळं. मी तो फोटो आजोबांना दाखवला. मला वाटलं, ते कलियुगाबद्दल काही बोलतील. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "गाठ चुकलीय."

तसं त्याआधी देशाने आमच्या गावाचं नावही एकदा ऐकलं होतं, २७ जुलै २०१९ ला. उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटे चामटोलीजवळ अडकून पडली, आत हजारावर प्रवासी. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची माणसं आली, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं, आसपासच्या गावांतले लोक धावले. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. त्या सकाळी गावात सर्वांत जास्त घाबरलेला माणूस म्हणजे आमचे आजोबा. "हजार मानूस हाय," ते सारखे ओट्यावरून आत-बाहेर करत होते. "कायतरी झाला त एवढे बांबू कुठशी आनायचे?" सगळे वाचल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी देवापुढे नारळ फोडला. लोकांना वाटलं प्रवाशांसाठी.

तर असा माणूस जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, पहाटे झोपेतच गेला. नव्वदीला टेकले होते. गुडघे सोडले तर तक्रार अशी कसलीच नव्हती.

आत्याने हंबरडा फोडला. आई, काकू, वहिनी सगळ्या आत बसल्या. उजाडता उजाडता अंगण भरलं. माझे वडील ओट्यावर आले, तर अंगणातला प्रत्येक माणूस त्यांच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होता. आजोबा बाहेर येतील, तू बांबू बघ, तू बदलापूरला जा, असं म्हणतील, याची सगळे वाट बघत होते. अर्धा तास कोणी जागचं हललं नाही. शेवटी शेजारच्या काकांनी शांतता मोडली. "आवो, सामान काय काय लागंल त्ये येकदा बाबांना इचारून घ्या."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते खाली बसले आणि रडू लागले. आतून आत्याचा आवाज आला. ती रडत होती की हसत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग बांबूंची आठवण झाली. आजोबांनी स्वतःसाठी दोन बांबू कधीचे माळ्यावर ठेवले होते. सरळ, पेरं घट्ट, घुण लागू नये म्हणून धुरावर धरलेले. दर दिवाळीला माळा झाडताना आजी ते बघून कडाकडा बोटं मोडायची आणि आजोबा म्हणायचे, "तुझ्यासाठी नाय, माझ्यासाठी हायत." आजी आधी गेली, तेव्हासुद्धा त्यांनी तिच्यासाठी दुसरे आणले. असं स्वतःचं आधी बांधून ठेवणारी माणसं आपल्याकडे झाली आहेत. गोपाळ गणेश आगरकरांची प्रेतयात्रा पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच काढली होती. १८९५ साली ते खरोखर गेले तेव्हा उशाखाली एक पुरचुंडी निघाली. बायकोला कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी बाजूला काढून ठेवले होते. आगरकर देव मानत नव्हते आणि आजोबा कॅलेंडरवरचासुद्धा मानत होते, पण ह्या एका बाबतीत दोघांचं जमलं असतं.

चुलतभाऊ माळ्यावर चढला. वरून म्हणाला, "बांबू नाहीत." माळ्यावर पाण्याचा एक पीव्हीसी पाइप होता, आणि तोही चिरलेला. वही काढली. शेवटच्या पानावर गेल्या महिन्यातली नोंद होती. ठाकरवाडीतला एक म्हातारा, रात्रीचे दोन, पुढे "बांबू माझे दिले", आणि शेऱ्यात "आणायचे आहेत." मागची पानं चाळली तर हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. रात्री-अपरात्री कोणाकडे काही झालं की आजोबा आपले बांबू देत आणि सवडीने नवीन आणत. स्वतःच्या तिरडीवरून त्यांनी गावातली निदान सहा माणसं पोचवली होती. ह्या खेपेला सवड तेवढी झाली नाही.

बांबू मिळाले. एका घराला रंग चालला होता, तिथले परांचीचे बांबू रंगाऱ्याने सोडून दिले. एका टोकाला फिकट गुलाबी डाग होता, ह्याच्याहून जास्त काही सांगत नाही.

आता गाठ. आडव्या कामठ्या सात की नऊ, ह्यावर पहिला वाद. थोरले काका सात म्हणाले, धाकटे नऊ. दोघांनीही लहानपणापासून आजोबांना तिरडी बांधताना पाहिलं होतं आणि दोघांनीही कधी मोजलं नव्हतं. सुंभ अख्खा वापरायचा, मध्ये तोडायचा नाही, खिळा मारायचा नाही, लांबी माणसाच्या उंचीहून वीतभर जास्त, हे सगळ्यांना पाठ होतं. सुंभ कामठीवरून घ्यायचा की खालून, हे कोणालाच येत नव्हतं. एका भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला. आधी जाहिरात लागली, तरुण जोडपं सिमेंटचं घर बघून हसतंय. जाहिरात संपल्यावर जी तिरडी आली ती गुजराती होती.

त्यातून आजोबांचे गुडघे. संधिवाताने ते कधीचे वाकलेले, झोपेतही सरळ होत नसत. कॉलेजात शिकणाऱ्या एका भाच्याने सुचवलं, "टिळकांना १९२० साली पद्मासनात बसवून नेलं होतं. गिरगाव चौपाटीवर. आपणही बसवून नेऊ." सगळ्यांनी क्षणभर विचार केला. मग धाकटे काका म्हणाले, "ते लोकमान्य होते. बाबा साधे ग्रामपंचायत मेंबर पन नव्हते." ठराव बारगळला.

तिरडी शेवटी बांधली गेली. कशी, ते नीट पाहता आलं नाही, कारण तिच्याभोवती इतके मार्गदर्शक उभे होते. गाठी भरपूर होत्या. आजोबा बांधायचे त्या तिरडीला लागायच्या त्याच्या तिप्पट. आमच्या लोकांना गाठ येत नव्हती म्हणून त्यांनी गाठी जास्त मारल्या.

मडकं कोणी धरायचं ह्यावर आणखी एक प्रसंग झाला. आत्या म्हणाली, मी धरणार. आजोबांचं शेवटची तीन वर्षं सगळं तिने केलं होतं, मुलगे नोकरीत गुंतलेले. तरीही अंगणात कुजबुज झाली. मला १८९० आठवलं. जोतीराव फुले गेले तेव्हा दत्तक मुलाने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाई स्वतः टिटवं घेऊन पुढे चालल्या. मी हे मोठ्या तळमळीने सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुजबुज पुढे चालू झाली. तेवढ्यात चुलतभावाने वहीतलं एक पान वाचून दाखवलं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. गावातल्याच एका घरचं मयत, मुलगा नाही. आजोबांच्या अक्षरात, "मडके: थोरली मुलगी. कोणी बोलल्यास माझ्याकडे पाठवावे." वाद तिथे मिटला. समाजसुधारणेचा इतिहास आपल्या लोकांना मान्य असतो, फक्त तो आपल्या गावातला असावा लागतो.

निघालो. भजनी मंडळ पुढे, टाळ-मृदंग, "रामकृष्णहरी". खांद्याचं गणित आजोबा उंचीप्रमाणे जोड्या लावून सोडवायचे. आज प्रत्येकाला खांदा द्यायचा होता, त्यामुळे एका बाजूला सहा फुटी भाचा आणि दुसऱ्या बाजूला पाच फुटी काका. आजोबा डावीकडे कलते झाले आणि तसेच बसस्टॉपपर्यंत गेले. जन्मभर त्यांनी कोणाला कललेलं नेलं नव्हतं. विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवली, खांदेकरी बदलले आणि दगड कोणता उचलायचा ह्यावर पुन्हा चर्चा. चंदेरीच्या डोंगरावरून काळे ढग खाली उतरत होते. चर्चा आपोआप संपली.

स्मशानात लाकूड भिजलेलं. ते रचताना सगळ्यांना सगळं येत होतं. तीस-पस्तीस माणसं एकमेकांना "तसं नाही, असं" सांगत होती आणि चिता कोणत्याही बाजूने बघितली तरी वाकडी दिसत होती. अग्नी द्यायची वेळ आली तर काडी लागेना. एक मोडली, एक विझली, एकीचं गुल उडून गेलं. आजोबा काडेपेटीच्या कारखान्यातले. पहिल्या काडीत पेटलं नाही तर तो कारखान्याचा अपमान, असं ते म्हणायचे आणि मुसळधार पावसातसुद्धा ओंजळ करून एका काडीत पेटवायचे. आज अर्धी पेटी संपली. वडिलांचा हात थरथरत होता. आठव्या की नवव्या काडीला पेटलं, आणि इतका वेळ आवरून धरलेले माझे वडील तिथे पहिल्यांदा रडले. म्हणाले, "आता ते चिडले असते."

परत येऊन कडुनिंब चावला. शेजारून पिठलं-भात आला. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला गेलो तेव्हा एका लांबच्या नातेवाइकाने हळूच विचारलं, सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव आहे ना? मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची, वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा, हे त्या नातेवाइकाला तोंडपाठ होतं. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आमच्या घराण्यात त्यांच्याइतका कोणी वाचलेला नाही. आजोबांचा नियम होता, सावडायच्या दिवशी सातबाऱ्याचं नाव काढायचं नाही, दहाव्यापर्यंत थांबायचं. लोक थांबायचे, कारण आजोबा समोर असायचे.

दहावा उल्हास नदीवर. छापील पत्रिकेत नेहमीप्रमाणे "दुखवटे आणू नयेत ही नम्र विनंती" आणि त्या विनंतीला मान देऊन आलेल्या टॉवेल-टोप्यांचा ढीग. मंडपात खुर्च्या, माइक, प्रवचन. आमच्या भागात दहाव्याला नेतेमंडळी श्रद्धांजलीला येतातच. तीन पक्षांचे तीन जण आले. तिघांनीही आजोबांना "अजातशत्रू" म्हटलं आणि तिघांनीही "कधीही न भरून निघणारी पोकळी" काढली. चहा मागणारी ती म्हातारी असती तर पहिल्या मुद्द्यावर बोलली असती. एका नेत्याने तर आजोबांचं क्रीडाक्षेत्रातलं योगदान सांगितलं. ते दुसऱ्या गावातल्या दहाव्याहून आले होते आणि चिठ्ठ्या बदलल्या होत्या.

पिंड ठेवला. कावळा येईना. आता हा घोळ महाराष्ट्राला नवा नाही. महेश मांजरेकरांनी २०१२ साली "काकस्पर्श" नावाचा अख्खा चित्रपट ह्याच्यावर काढला, त्यात कावळा एका वचनासाठी अडतो. आमच्याकडे वचनं द्यायला सुरुवात झाली. थोरले काका म्हणाले, दाराची जांभळ तोडणार नाही. धाकटे म्हणाले, जमीन बिल्डरला देणार नाही. ह्यावर थोरल्या काकूंनी धाकट्या काकांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून तसा विचार चालू होता हे मंडपाला कळलं. भाच्याने लग्न करायचं कबूल केलं. मी सिगारेट सोडली. कावळा नाही. भटजीबुवांनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा आत्या उठली. "अरे, जून चाललाय," ती म्हणाली. "बाबा सांगायचे ना, जांभळाच्या दिवसांत कावला भाताला इचारत नाय." सगळ्यांनी माना वर केल्या. खरंच, आसपासची सगळी जांभळाची झाडं पिकून काळी झाली होती. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. माणसांना ते पेपरात वाचून कळलं, कावळ्यांना आधीपासून माहीत होतं. पोटभर जांभळं खाल्लेला कावळा कोरड्या भातासाठी नदीवर कशाला येईल? इच्छा-बिच्छा काही नाही, साधा मोसमाचा प्रश्न. आजोबा अशा वेळी काय करायचे, हे आत्याने सांगितलं नाही. तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातून भाजलेल्या सुकटीची मूठ काढली आणि पिंडाला खेटून ठेवली. भटजीबुवा तेवढ्यात नदीच्या पाण्याकडे बघू लागले. दोन कावळे लगेच आले, तिसरा त्यांच्याशी भांडत आला. आजोबांना सुकट आवडायची, म्हणून इच्छा पूर्ण झाली असंही म्हणता येईल. मंडपात तसंच म्हटलं गेलं. वचनं मात्र सगळ्यांची दिलेली राहिली. माझी सिगारेट फुकट गेली.

ह्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मध्ये गावात आणखी एक मयत झालं. रात्री आमच्याच घरी फोन आला, जुन्या सवयीने. चुलतभाऊ गेला. वही घेऊन गेला. तिथे पुन्हा सात की नऊ सुरू झालं. वहीत सगळं आहे, लाकडाचे मण आहेत, उशिरा आलेल्या जावयांची नावं आहेत, पण गाठ कशी मारायची ते आजोबांनी कुठेच लिहिलेलं नाही. लिहून ठेवायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नसेल. शेवटी ठाकरवाडीतून एक पोरगा आला, ज्याच्या आज्याला आजोबांचे बांबू गेले होते तो. त्या रात्री बॅटरी धरायला तो आजोबांच्या शेजारी बसला होता आणि त्याने नीट बघितलं होतं. सुंभ खालून घ्यायचा. कामठ्या सात.

म्हणून वाचकहो, एवढं करा. तुमच्या गावात, वाडीत, सोसायटीत हे काम कोणाला येतं ते विचारून ठेवा. तो माणूस बहुतेक सत्तरीच्या पुढचा निघेल. त्याच्यासमोर एकदा सुंभाची गुंडी आणि दोन काठ्या घेऊन बसा आणि गाठ शिकून घ्या. फार तर अर्धा तास लागेल. त्याला पैसे विचारू नका. आणि जागा असेल तर माळ्यावर दोन चांगले बांबू टाकून ठेवा. घरच्यांनी विचारलंच, तर आकाशकंदिलासाठी आणलेत म्हणून सांगा.